पुस्तकाचा पत्ता

नागपूरची गांधीबाग म्हटली की कापड डोळ्यांपुढे उभे राहते. शहराच्या जुन्या भागातील ही पेठ घाऊक कापडाच्या व्यापारासाठी साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे. रस्त्यांतून वाट काढणाऱ्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या आणि दुकानांत छतापर्यंत रचलेले तागे हे तेथील नित्याचे दृश्य होय. गिऱ्हाइकाने एखाद्या विशिष्ट पोताचे व रंगाचे कापड मागावे आणि गुमास्त्याने क्षणभरही न थांबता शेकडो ताग्यांतून नेमका तोच तागा ओढून काढावा, ह्याचे तेथे कोणाला नवल वाटत नाही. सुती कोठे, रेशमी कोठे, अस्तराचे कोठे, हे सर्व ठरलेले असते.

परंतु ह्या व्यवस्थेत एक उणीव आहे. ताग्यांचा सारा नकाशा त्या गुमास्त्याच्या डोक्यात असतो. तो चार दिवस गावाला गेला की दुकान तेच, माल तोच, पण नव्या माणसाला मागितलेला तागा लवकर सापडत नाही. कापडाच्या बाबतीत हे चालून जाते. कारण माल खपावा ही दुकानदाराचीच इच्छा असते आणि थोडा वेळ लागला तरी तो गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत जाऊ देत नाही. शाळेच्या ग्रंथालयात मात्र हीच पद्धत ठेवली तर तिचे परिणाम वाईट होतात. आणि खेदाची गोष्ट ही, की अनेक शाळांत ती तशीच चालत आलेली आढळते.

अशा शाळेत पुस्तकांची कपाटे कुलूपबंद असतात. किल्ली एका शिक्षकांजवळ असते आणि कोणते पुस्तक कोठे आहे हेही त्यांनाच ठाऊक असते. शिक्षक हौशी असले तर आठवड्यातून एकदा पुस्तकांचा एक गठ्ठा वर्गात येतो आणि ज्याच्या हाती जे पडेल ते त्याने घरी न्यावे, असा क्रम चालतो. त्यांची बदली झाली म्हणजे पुस्तके जागच्या जागी राहतात, पण त्यांचा ठावठिकाणा सांगणारे कोणी उरत नाही. दाखल-नोंदवही असते, हे खरे. परंतु त्या वहीत पुस्तके ज्या क्रमाने शाळेत आली त्या क्रमाने लिहिलेली असतात. एखाद्या वर्षी विकत घेतलेले रामायण, त्याखाली बीजगणित, त्याखाली मधमाश्या पाळण्याची माहिती. शाळेची मालमत्ता मोजण्यास ही वही उपयोगी पडते, परंतु पुस्तक शोधण्यास तिचा काही उपयोग नाही. जन्माच्या नोंदवहीवरून कोणी माणसाचे घर शोधीत नाही.

ह्या पद्धतीत पुस्तक मिळवावयाचे तर त्याचे नाव आधीच माहीत असावे लागते. आता पुस्तकांची नावे कोणाला माहीत असतात? ज्याच्या घरी वाचणारी माणसे आहेत, ज्याची ताई महाविद्यालयात शिकते, ज्याचे काका वाढदिवसाला पुस्तक देतात, त्याला. तो शिक्षकांपुढे जाऊन नाव सांगतो आणि पुस्तक घेऊन येतो. पण ज्याचे वडील ह्याच पेठेत पाठीवर गठ्ठे वाहतात आणि ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकांवाचून दुसरे पुस्तक नाही, अशा मुलाने काय करावे? त्याच्याजवळ प्रश्न असतो, नाव नसते. कापूस कोठून येतो, गिरणी कशी चालते, रंग धुतल्यावर का जात नाही, असे प्रश्न त्याला वडिलांबरोबर बाजारातून जाताना पडलेले असतात. पुस्तकाचे नाव न सांगता केवळ प्रश्नाच्या आधाराने पुस्तकापर्यंत नेणारी काही सोय शाळेत नसेल, तर ते ग्रंथालय त्या मुलाचे नव्हेच. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे सांगितले आहे. कायद्याने पुस्तक कपाटापर्यंत आणले. कपाटापासून मुलाच्या हातापर्यंतचे अंतर मात्र अजून उरले आहे.

हे अंतर तोडण्याचे साधन म्हणजे तालिका. तालिका ही साधी यादी नव्हे. जुन्या पद्धतीच्या तालिकेत जाड कागदाची पत्रके असत. सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांब व साडेसात सेंटीमीटर रुंद. लाकडी पेटीच्या लहान लहान खणांत ती उभी लावीत, आणि कोणी उपसून नेऊ नयेत म्हणून त्यांच्या खालच्या भोकांतून एक सळई ओवीत. आज बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत पत्रकांची जागा संगणकाने घेतली आहे; तत्त्व मात्र बदललेले नाही. ते तत्त्व असे, की पुस्तक एकाच ठिकाणी उभे राहू शकते, पण त्याची नोंद अनेक ठिकाणी करता येते. एक नोंद लेखकाच्या नावाने, दुसरी पुस्तकाच्या नावाने आणि तिसरी विषयाच्या नावाने. ज्याला लेखक आठवतो त्याने पहिल्या वाटेने यावे. ज्याला फक्त विषय ठाऊक आहे त्याने तिसऱ्या वाटेने यावे. सर्व वाटा शेवटी एका अंकापाशी पोहोचतात. त्या अंकाला बोधांक म्हणतात. तोच अंक पुस्तकाच्या पाठीवर चिकटविलेला असतो आणि तोच त्याचा पत्ता.

गांधीबागेतील एखाद्या मुलीला एम्प्रेस मिलविषयी वाचावयाचे आहे, असे समजावे. ही कापडगिरणी जमशेटजी टाटा ह्यांनी नागपुरात उभारली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीला ते नाव मिळाले. गांधीबागेपासून फार दूर नसलेल्या ह्या गिरणीचे भोंगे आता ऐकू येत नाहीत. गिरणी बंद पडली आहे आणि त्या जागेचे रूपही पालटले आहे. तेव्हा ह्या मुलीला जे कळावयाचे ते पुस्तकांतूनच कळणार. पण शाळेच्या ग्रंथालयात ‘एम्प्रेस मिल’ ह्या नावाचे पुस्तक नसण्याचाच संभव अधिक. नावाने शोधणारा येथेच थांबतो आणि ‘पुस्तक नाही’ म्हणून परत फिरतो.

विषयाने शोधणारी मुलगी थांबत नाही. ती ‘टाटा’ ह्या नावाखाली पाहते, तेव्हा जमशेटजींचे चरित्र ९२० ह्या अंकाजवळ, चरित्रांच्या खणात मिळते. ‘कापूस’ ह्या शब्दाखाली पाहिले तर कापसाच्या लागवडीचे पुस्तक शेतीच्या विभागात, ६३३.५१ येथे आहे असे कळते. ‘कापड’ ह्या शब्दाखाली सूत काढण्याचे व विणण्याचे पुस्तक ६७७ येथे सापडते. नागपूरचा इतिहास ९५४ मध्ये, भारताच्या इतिहासाबरोबर असतो. चार पुस्तके चार वेगवेगळ्या कपाटांत आहेत. फळ्यांवरून नुसती नजर फिरविणाऱ्याला ती एका विषयाची आहेत हे कधीच कळले नसते. मांडणीने दूर ठेवलेली पुस्तके तालिका एकत्र आणते, आणि हा तिचा सर्वांत मोठा गुण होय.

हे अंक कोणी ठरविले, असा प्रश्न येथे साहजिकच उत्पन्न होतो. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन तरुणाने अमर्स्ट येथील महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना ही योजना आखली आणि १८७६ साली, म्हणजे एम्प्रेस मिल सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, ती छापून प्रसिद्ध केली. तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. त्याने सर्व ज्ञानाचे दहा भाग केले, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. तीन अंकांनंतर दशांशचिन्ह देऊन ही विभागणी हवी तेवढी लांबविता येते. त्याच्या आधी अनेक ग्रंथालयांत पुस्तकाला जो क्रमांक देत तो फळीवरील जागेचा असे. नवे पुस्तक आले की त्याला शेवटी टाकावे लागे किंवा सगळी फळी हलवावी लागे. ड्यूईचा क्रमांक फळीला बांधलेला नाही, विषयाला बांधलेला आहे. म्हणून दोन पुस्तकांच्या मध्ये तिसरे पुस्तक केव्हाही सामावते आणि कोणाचाही पत्ता बदलत नाही.

फळीपाशी गेल्यावर मुले बहुधा एका ठिकाणी चुकतात. रेशमी कापडाचे पुस्तक ६७७.३९ आणि कृत्रिम धाग्यांचे पुस्तक ६७७.४ असेल, तर आधी कोणते? एकोणचाळीस हे चारपेक्षा मोठे, म्हणून कृत्रिम धागा आधी, असे पुष्कळांना वाटते. पण दशांश अपूर्णांक शिकलेल्या विद्यार्थ्याने ०.३९ हे ०.४ पेक्षा लहान हे विसरता कामा नये. रेशीम आधी, कृत्रिम धागा नंतर. गणिताच्या तासाला जो नियम रुक्ष वाटला तो येथे पुस्तक हाती देतो.

तथापि हे अंक माणसाने केलेले आहेत, आणि माणसाच्या दृष्टीला जेवढे दिसते तेवढेच त्याच्या रचनेत उतरते. ड्यूईच्या योजनेत इंग्रजी साहित्याला ८२० हा सुटसुटीत अंक आहे. मराठी साहित्य शोधावयाचे तर ८९१.४६ पर्यंत जावे लागते. ‘इतर’ भाषांच्या दाटीत, दशांशचिन्हाच्या पलीकडे. मुकुंदराज-ज्ञानेश्वरांपासून चालत आलेल्या साहित्याला कोपऱ्यातील जागा मिळावी, हे मराठी वाचकाला खटकले तर त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु पत्ता लांबलचक आहे म्हणून घर लहान ठरत नाही. योजना सदोष असली तरी ती सर्वांना सारखी ठाऊक आहे आणि त्यामुळेच ती कामाची आहे.

दुसरी, अधिक लवचीक योजना भारतातच निर्माण झाली. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील एका मोठ्या दुकानात त्यांनी मुलांचे एक खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके, खिळे असे सुटे भाग, आणि तेच भाग निरनिराळ्या प्रकारे जोडून कधी गाडी तर कधी पूल तयार होत होता. विषयांचेही असेच सुटे घटक करावेत आणि ते जोडून पुस्तकाचा अंक बनवावा, ही कल्पना त्यांना त्यावरून सुचली. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. घटकांच्या मध्ये दोन टिंबांचे चिन्ह येते म्हणून तिला हे नाव. त्यांचा जन्मदिन १२ ऑगस्टला मानतात आणि तो दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. ह्यातील दुसऱ्या अर्ध्या भागाकडे फारसे लक्ष जात नाही. वाचकावाचून पडून राहिलेले पुस्तक हीदेखील एक हानी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

मराठी पुस्तकांच्या तालिकेत काही खास अडचणी येतात, आणि त्या मोठ्या गमतीच्या आहेत. आपल्याकडे कवी टोपणनावाने लिहितात. नागपूरशी ज्यांचा निकटचा संबंध आला ते कवी अनिल ह्यांचे खरे नाव आत्माराम रावजी देशपांडे, आणि नागपूरचेच कवी ग्रेस ह्यांचे खरे नाव माणिक गोडघाटे. एका विद्यार्थ्याने ‘देशपांडे’ पाहावे, दुसऱ्याने ‘अनिल’, आणि दोघांनाही पुस्तक मिळावे, ह्यासाठी तालिकेत एक छोटेसे पत्रक असते: ‘देशपांडे, आत्माराम रावजी – अनिल पाहा’. त्या पत्रकावर पुस्तक नसते, केवळ बोट दाखविलेले असते. शिवाय नोंदी वर्णमालेच्या क्रमाने लागतात. क नंतर का, मग कि, की. ज्याला हा क्रम पाठ नाही त्याला शब्दकोशही उघडता येत नाही आणि तालिकाही. बालवर्गात घोकलेल्या बाराखडीचा खरा उपयोग येथे होतो.

मराठी भाषिकांनी ह्या कामात केलेले कष्ट थोडे नाहीत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले, आणि त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. खेड्यांतील लोकांसाठी पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव पाठविल्या जात. शंकर गणेश दाते ह्यांनी तर त्याहून एकाकी काम केले. १८०० ते १९३७ ह्या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी तयार केली आणि पुढे १९३८ ते १९५० ह्या काळाचा दुसरा भागही सिद्ध केला. दीडशे वर्षांतील हजारो पुस्तके! त्यांपैकी कितीतरी आज कोणी वाचीत नाही. पण ती होती, कोणी लिहिली, कोठे व केव्हा छापली, हे त्या सूचीमुळे सांगता येते. सूचीत नाव नसते तर ती पुस्तके नाहीशी झाल्याचेदेखील कोणाला कळले नसते.

तालिका मुलांच्या हाती देऊ नये, असे म्हणणारेही आहेत. मुले कपाटे उघडतील, पुस्तके अस्ताव्यस्त करतील, एक पुस्तक दुसऱ्याच्या जागी ठेवतील, ही त्यांची भीती. भीती अगदी खोटी नाही. भलत्या फळीवर गेलेले पुस्तक चोरीला गेल्यासारखेच असते; किंबहुना चोरी एखादे वेळी उघडकीस येते, पण हे पुस्तक घरात असूनही वर्षानुवर्षे सापडत नाही. म्हणूनच जाणत्या ग्रंथालयांत वाचून झालेले पुस्तक वाचकाने फळीवर न ठेवता मेजावर ठेवावे, असा साधा नियम असतो. एवढ्या नियमाने जे साधते त्यासाठी कुलूप घालण्याची गरज नाही. कुलूपबंद पुस्तके फाटत नाहीत, पण त्यांना वाळवी लागते, आणि वाळवीकडून कोणी दंड वसूल करीत नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. संगणकात शब्द टाकला की सर्व काही मिळते. मग बोधांक कशाला शिकावयाचा? ह्याचे उत्तर असे, की ग्रंथालयातील संगणकही अखेर बोधांकच दाखवितो. पुढे चालत जाऊन फळीवरून पुस्तक उचलावे लागते. शिवाय संगणक जे अक्षर टाकावे तेच पाहतो. ‘कापूस’ ऐवजी ‘कापुस’ लिहिले तर साधी तालिका-यंत्रणा ‘पुस्तक नाही’ असे निःशंकपणे सांगून मोकळी होते आणि मूल तिच्यावर विश्वास ठेवते. फळीपुढे उभ्या राहिलेल्या मुलाला मात्र हव्या असलेल्या पुस्तकाच्या उजवीकडचे व डावीकडचे पुस्तकही दिसते. कापसाचे पुस्तक काढण्यास गेलेल्याच्या हाती ताग आणि अंबाडी येते. न मागितलेले असे कितीतरी शेजाऱ्यांच्या ओळखीने मिळते.

ह्या सर्वाला मोठा खर्च लागतो असेही नाही. दोनशे पुस्तकांचे एक कपाट आणि चाळीस विद्यार्थ्यांचा सातवीचा वर्ग घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच पुस्तके येतात. प्रत्येक पुस्तकाची लेखक, नाव आणि विषय अशी तीन पत्रके, म्हणजे प्रत्येकाने पंधरा पत्रके लिहावयाची. वर्गीकरणाचा तक्ता शिक्षकांनी भिंतीवर लावावा आणि पुस्तकाच्या पाठीवर अंकाची चिठ्ठी विद्यार्थ्यांनीच चिकटवावी. पत्रके ठेवण्यास सागवानी खण नसले तरी चालेल; गांधीबागेत साड्यांच्या व सदऱ्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या पेट्यांना तोटा नाही. काम करताना अडचणी येतील. एखाद्या पुस्तकावर लेखकाचे आडनाव सापडणार नाही, एखाद्याचे पहिले पान गेलेले असेल. जमशेटजींच्या चरित्राला ९२० द्यावे की ६७७, ह्यावर वर्गात दोन पक्ष पडतील, आणि तो वाद मिटविण्यासाठी दोन्ही पक्षांना ते पुस्तक उघडून पाहावे लागेल.